साबणाला हात न लावता

बेसिनपाशी जायचं, हात पुढे करायचा. घुर्रर्र असा आवाज येतो आणि तळहातावर फेसाचा पांढराशुभ्र गोळा पडतो. दिसायला इतकं भारी की मागे आमच्याकडे जेवायला आलेला माझा मामेभाऊ ताटावर बसायच्या आधी तीन वेळा हात धुऊन आला. त्याची आई म्हणाली, ‘घरी एकदा धुवायला सांगितलं तरी ऐकत नाही!’

तुमच्याही घरात एव्हाना हे ऑटोमॅटिक सोप डिस्पेन्सर आलं असेल. नसेल तर कार्टमध्ये तरी नक्की पडलेलं असेल, किंमत उतरायची वाट बघत. आमच्याकडे ते मीच आणलं. ऑनलाइन सेल लागला होता, घेऊन टाकलं. आईचा पहिला प्रश्न, ‘याला सेल लागतात का?’ लागतात, चार लागतात. म्हणजे सेलमध्ये घेतलं आणि तेव्हापासून सेलवरच खर्च चालू आहे. पण मी घरात ठणकावून सांगितलं होतं, ‘टचलेस आहे, हायजिनिक असतं.’ त्यावर कोण काय बोलणार?

आता वर्षभर वापरून झाल्यावर माझं मत सांगते. घ्या, जरूर घ्या. पण ‘हायजिनिक’ हे कारण देऊन घेऊ नका. आणि घेतल्यावर ते घरात कुठे ठेवायचं, कुणासाठी ठेवायचं, याचा थोडा विचार करा. मी केला नव्हता.

आधी हायजिनचं बघू. साध्या हॅण्डवॉशच्या बाटलीचा पंप आपण खराब हाताने दाबतो, म्हणजे त्याच्यावर घरातल्या सगळ्यांचे जंतू बसतात. बरोबर. पण पंप दाबल्यानंतर दुसऱ्याच सेकंदाला आपण काय करतो? हात धुतो! पंपावरून हाताला जे लागलं ते साबणाबरोबर वाहून जातं. आता नळाचं बघा. खराब हाताने सोडायचा आणि स्वच्छ हाताने बंद करायचा. धुतलेल्या हाताला काही पुन्हा चिकटायचंच असेल तर ते नळावरून चिकटेल, साबणावरून नाही. विमानतळावर, मॉलमध्ये साबणाबरोबर नळही सेन्सरचा असतो, म्हणून तिथे त्या सगळ्याला काही अर्थ आहे. आपण घरी काय करतो, तर तोच जुना पिळायचा नळ आणि त्याच्या शेजारी हे यंत्र. दाराला कडी नाही आणि खिडकीला सीसीटीव्ही!

अहो, आपण ज्या साबणाच्या वडीला नाकं मुरडली, तीसुद्धा तितकी गुन्हेगार नव्हती. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वड्यांना मुद्दाम जंतू लावले आणि त्या वड्यांनी लोकांना हात धुवायला सांगितले. धुतल्यानंतर हातांवर ते जंतू सापडले नाहीत. म्हणजे आजीच्या साबणदाणीतली, तळाला लिबलिबीत झालेली वडीसुद्धा काम चोख करत होती.

उलट यंत्राची स्वतःची एक भानगड आहे आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. साबण संपत आला की आपण वरून नवा ओततो. त्यातून आपण मराठी घरातले. बाटली संपली की पाणी घालून हलवायची, ती संपली की पुन्हा पाणी घालायचं, हा संस्कार रक्तात. फेसवाल्या यंत्राला तर साबण पातळच लागतो, घट्ट हॅण्डवॉश घातलं की नळी तुंबते. पण साबणात जितकं पाणी जास्त, तितकं त्यातलं जंतू रोखणारं रसायनही पातळ होतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने 2002 मध्ये दवाखान्यांसाठी केलेल्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये वरून साबण ओतू नका. आधी पूर्ण रिकामं करा, धुवा, मग भरा. आमच्या यंत्राची टाकी खाली मोटर असल्यामुळे नळाखाली धरताच येत नाही. तुम्ही घेणार असाल तर टाकी सुटी निघते का, एवढं नक्की बघा. रंग, आकार, पांडाचं तोंड वगैरे नंतर.

आणि सेन्सरचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही. यंत्रातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, तो हातावर आपटून परत आला की मोटर फिरते. एवढंच. त्यामुळे हात आहे की चकचकीत पातेलं, हे त्याला कळत नाही. धुवून निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीवर आमच्याकडे एकदा लॅव्हेंडरचा फेस पडलेला आहे. ती आम्ही टाकून दिली, पण आईने ‘पुन्हा धुतली तर चालेल का’ असं दोनदा विचारून घेतलं.

याच प्रकाशाच्या खेळातली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2017 मध्ये एक छोटा व्हिडिओ जगभर फिरला होता. गोऱ्या माणसाने हात पुढे केला, साबण पडला. काळ्या माणसाने केला, काहीच नाही. मग त्याने पांढरा टिश्यू पेपर धरला, आणि साबण पडला! गडद रंग प्रकाश जास्त शोषून घेतो, परत कमी पाठवतो. यंत्र बनवणाऱ्यांनी ते तपासलंच नसणार, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे हात कुणाचे होते ते उघड आहे. यंत्राच्या मनात काही नसतं. पण ‘हात’ म्हटल्यावर कुणाचा हात डोळ्यांपुढे येतो, हे ते बनवणाऱ्याच्या मनात असतं.

हे वाचून मी तेव्हा मनातल्या मनात त्या कंपनीला बरीच नावं ठेवली होती. मग आमच्या घरात काय झालं ते ऐका.

यंत्र हॉलमधल्या बेसिनवर ठेवलं होतं, पाहुण्यांना दिसेल असं. आमच्याकडे धुणं-भांड्याला, केर-फरशीला मावशी येतात, गेली बरीच वर्षं. यंत्र येऊन महिना झाला असेल. एकदा मी घरून काम करत होते, तेव्हा बघितलं. मावशींनी फरशी पुसून झाल्यावर मागच्या बाल्कनीत जाऊन तिथल्या नळावर हात धुतले. तिथे कठड्यावर एक लाल वडी असते, झिजून झिजून चपटी झालेली. मी म्हटलं, ‘मावशी, इथे धुवा ना, बेसिनवर. हे बघा, हात धरला की आपोआप येतं.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘राहू दे ताई, ते तुमचं आहे.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. नळाला पाणी येतं, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला मात्र पुढची मीटिंग काही ऐकू आली नाही.

कारण असा नियम आमच्या घरात कुणी कधी केलेला नाही. निदान मी तो ऐकलेला नाही. आम्ही स्वतःला बऱ्यापैकी पुढारलेले समजतो. पण मावशींची वडी वेगळी, चहाचा कप वेगळा, हे असं कधीपासून आहे कुणास ठाऊक. कप तर मीच कितीदा त्यांना त्या ‘त्यांच्या’ कपातून चहा दिलाय. हात न थांबता बरोबर त्याच कपाकडे जातो.

बघा ना, ‘टचलेस’ हा शब्द किती मॉडर्न वाटतो. पण कुणी कुणाचं शिवलेलं शिवायचं नाही, ही कल्पना आपल्याकडे सेन्सरच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तिला बॅटरीही लागत नाही. 2020 मध्ये आपण दुधाच्या पिशव्या धुतल्या, लिफ्टची बटणं टूथपिकने दाबली. तेव्हा भीती खरी होती, इलाज कळत नव्हता. ती साथ गेली. पण ‘हात लावू नका’ची सवय राहिली आणि आता ती छान पॅकिंगमध्ये घरपोच येते. गंमत म्हणजे मी अशी वस्तू आणली की जिला कुणाचाच हात लागत नाही. मग ती कुणीही वापरली तर बिघडतं कुठे? तरीही ती कुणी वापरायची हे आधीच ठरलेलं होतं. मावशींना ते न सांगता कळलं आणि मला सांगितल्यावर कळलं.

मग मी ते यंत्र हलवलं. स्वयंपाकघरात, सिंकच्या शेजारी, चकचकीत भांड्यांपासून वीतभर लांब. आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की अरे, ही खरी याची जागा! कणीक मळताना बेल वाजली तर चिकट हाताने बाटलीचा पंप बरबटवायचा नाही, नुसता हात धरायचा. मासे साफ केलेला हात कशालाच लावायचा नसतो, तिथे हे लागतं. आजीच्या बोटांना संधिवात आहे, बाटलीचा पंप तिला दोन्ही हातांनी दाबावा लागायचा. आता ती हात धरते आणि फेस आला की ‘आला गं’ म्हणून सांगते. हॉलमधल्या बेसिनवर पाहुण्यांना कौतुक होतं, इथे काम होतं. दिवसभरात ज्याचे हात सगळ्यात जास्त खराब होतात त्याच्यासाठी ही वस्तू आहे. आपल्या घरात ते हात सहसा आईचे असतात आणि मावशींचे.

तेव्हा तुम्ही ऑर्डर करणार असाल तर आधी घरात एक चक्कर मारा. एकूण किती साबण आहेत ते मोजा आणि कुठला कुणाचा ते स्वतःला विचारा. कप मोजलेत तरी चालेल.

मावशी आता सिंकवर हात धुतात. लगेच नाही, पहिले काही दिवस मीच त्यांच्यासमोर उभी राहायचे. आता त्या माझ्यापेक्षा जास्त वेळ हात चोळतात, वीस सेकंद सहज होत असतील. रिफिलचं पाऊच पूर्वी महिनाभर जायचं, आता पंधरा दिवसांत संपतं. बाबा कुरकुरतात. चहाच्या कपाचं अजून घरात बोलणं झालेलं नाही.

आणि बाल्कनीतली ती लाल वडी उन्हाने तडकून तिथेच कठड्यावर आहे. आई म्हणते, ‘असू दे, लागते कधी कधी.’