परवाना आणि क्षमापत्र

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचणे हा तेथील कातकरी, ठाकूर व महादेव कोळी कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. त्यांच्या लेखी मोह हे अन्न आहे, अडीअडचणीला विकता येणारी चीज आहे, आणि दारूही आहे. राज्यकर्त्यांना मात्र त्यात केवळ दारूच दिसली. अबकारी उत्पन्नाच्या रक्षणासाठी मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहफुलांचा स्वतंत्र कायदा केला आणि रानातले फूल परवान्याच्या कक्षेत आणले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरील नियंत्रण चालू ठेवले. महाराष्ट्र शासनाने ते शिथिल केले ते २०२१ मध्ये. वस्तू तीच, वेचणारे हातही तेच. कागद असला तर व्यवहार, नसला तर गुन्हा.

आरोपीचा बचाव करणाऱ्या वकिलाला हा भेद विशेष खुपतो. खून वा चोरी हा गुन्हा आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु परवान्याअभावी घडणारा गुन्हा हा कचेरीच्या उंबरठ्यावर जन्म पावतो. ज्याला लिहिता-वाचता येते आणि कचेरीत ज्याचा शब्द चालतो, तो त्यातून सहज सुटतो. ज्याला ते जमत नाही, तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

परवाना आणि राज्याची क्षमा यांची गाठ महाराष्ट्रात एकदा मोठ्या गाजावाजाने पडली होती. प्रेम आहुजा खून प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कावस नानावटी यांना मार्च १९६० मध्ये जन्मठेप सुनावली, आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती शिक्षा स्थगित केली. प्रकरण आपल्यापुढे असताना अशी स्थगिती चालू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी बजावावे लागले. पुढे शिक्षा कायम झाली. तरी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल शिक्षा झालेले सिंधी उद्योजक भाई प्रताप यांनाही माफी मिळाली. दोघांच्याही पाठीशी नामांकित वकील होते आणि लोकमतही होते.

क्षमेचा अधिकार काढून घ्यावा, असा याचा अर्थ नव्हे. न्यायालय चुकू शकते, आणि तुरुंगात माणूस बदलूही शकतो. म्हणूनच घटनेने ७२ व्या व १६१ व्या कलमांन्वये ही वाट मोकळी ठेवली आहे. हा अधिकार मन मानेल तसा वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारूराम खटल्यात १९८० मध्ये स्पष्ट केले. प्रश्न वेगळाच आहे. क्षमा मागावी लागते, आणि मागण्यासाठीही कोणी तरी लिहिणारा, बोलणारा लागतो. ज्याला जामीनच मिळत नाही, त्याचा दयेचा अर्ज कोण लिहिणार?

भूमिहीन कातकऱ्याला जामीनदार आणावयास सांगितले, तर सातबारा असलेला माणूस त्याने कोठून आणावा? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागण्यात आला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी नाकारण्यात आली; तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या रीतीवर कोरडे ओढले. त्याच वर्षी महाराष्ट्रातूनच आलेल्या होसकोट खटल्यात गरीब कैद्याला मोफत वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. आरोपीने मागितला नाही, म्हणून वकील नाकारता येणार नाही, असे १९८६ च्या सुकदास निकालाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ भोगल्यास, काही अपवाद वगळता, त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद केली, आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधीक्षकावर टाकली.

तात्पर्य, कायद्याच्या पुस्तकात उणीव फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती पुस्तक आणि पाडा यांमधल्या अंतरात. ते तोडावयाचे, तर आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभा राहील त्याच दिवशी त्याच्या शेजारी वकील उभा असला पाहिजे. जातमुचलक्यावरील सुटका हा गरिबाच्या बाबतीत अपवाद न राहता नियम झाला पाहिजे. आणि माफी कोणाला व का दिली, याची कारणे जनतेपुढे आली पाहिजेत. वकिलाची सनद हादेखील अखेर एक परवानाच आहे. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा तो परवाना आहे, याचा विसर पडला की बचाव हे कर्तव्य न राहता केवळ व्यवसाय उरतो. आणि न्यायही मोहाच्या फुलासारखा झाडाखालीच पडून राहतो, ज्याच्याजवळ कागद असेल त्याने तो उचलावा.