पहिल्या चार्जरच्या आधी

पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमधून आपल्या व्यवसायबंधूंना येणारी मागणी हल्ली ठरलेली असते : गाडी पुढच्या आठवड्यात येतेय, माझ्या मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत केबल ओढून द्या. काम एका दिवसाचं, म्हणून आपण ते करून मोकळे होतो. मग दुसरा सभासद येतो, पाचवा येतो. मीटर रूमपासून खाली एकाच ट्रेमध्ये केबली एकमेकींना चिकटून पडतात, त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, आणि आठव्या-नवव्या माणसाला ‘आता जागा नाही’ असं सांगायची पाळी येते. आमचं आग्रहाचं म्हणणं आहे, की पहिली केबल टाकण्याआधी अख्ख्या पार्किंगचा आराखडा काढा, आणि तो कार्यकारिणीपुढे ठेवा. ग्राहकानं तो मागितला नसला तरीही.

कार्यकारिणी घाबरते ती बेरजेला. ७.४ किलोवॉटचे ४० चार्जर म्हणजे २९६ किलोवॉट. लगेच नव्या ट्रान्सफॉर्मरची भाषा सुरू होते. पण शहरातली गाडी दिवसाला ४० किलोमीटर धावली तर तिला साधारण ७ युनिटं पुरतात. चाळीस गाड्यांची २८० युनिटं रात्रीच्या ८ तासांत वाटली, तर सरासरी भार ३५ किलोवॉट. काही जण लांबच्या प्रवासाहून येतील म्हणून दुप्पट धरला, तरी ७०. सगळ्या गाड्यांनी संध्याकाळी सातलाच पूर्ण प्रवाह ओढू नये, एवढं लोड मॅनेजमेंट कंट्रोलर पाहतो. म्हणून पार्किंगसाठी वेगळं मीटर, एक दमदार फीडर, खाली स्वतंत्र पॅनेल आणि तिथून आखूड फांद्या, ही रचना सुरुवातीला महाग वाटली तरी पुढच्या प्रत्येक सभासदाला स्वस्त पडते. सोसायटीनं सभासदांकडून चार्जिंगचे पैसे घेतले तर वीज विकल्यासारखं होईल, ही शंका अजून विचारली जाते. चार्जिंग ही वीजविक्री नाही आणि त्यासाठी परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आखूड फांद्यांचा आग्रह का? ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर मीटरपासून ६० मीटरवर असेल, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये गरम अवस्थेत १४ व्होल्टच्या आसपास घट येते, म्हणजे सहा टक्के. १० चौरस मिलिमीटरला ती पावणेचार टक्क्यांवर उतरते. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तासन्‌तास तोच प्रवाह ओढते. घरगुती १६ अँपिअरचं सॉकेट रात्रभराच्या चार्जिंगला जळतं ते यामुळेच. तिथे इंडस्ट्रियल सॉकेटच द्या.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवं, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी किमान टाइप ‘ए’ हवी. दुकानात सर्रास मिळणारी टाइप ‘एसी’ इथे चालत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळती संरक्षण नसेल, तर टाइप ‘बी’ घ्या. डीसी गळतीमुळे साधी आरसीसीबी आंधळी होते आणि नेमक्या वेळी ट्रिप होत नाही. ८०० मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या आवारात किती पाणी चढलं ते आपण पाहिलं. नदीकाठच्या इमारतीत आणि तळघरात पॅनेलची उंची पुराची जुनी खूण विचारूनच ठरवा.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींचे अर्थ पिट मे महिन्यात कोरडे पडतात, गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो, आणि कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिवा हिरवा करतो. तो जोड म्हणजे न्यूट्रल तुटल्याक्षणी गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. असं काम दिसलं तर ते काढून टाका, सोसायटीला लेखी कळवा, नवा पिट घ्या, आणि अर्थचं रेझिस्टन्स मोजून आकडा रिपोर्टमध्ये लिहा. ग्राहकाला घाई असली, तरी तो पिट होईपर्यंत चार्जर सुरू करू नका.