परवडणाऱ्या वेगाचा हिशेब

वेगवान मोटार ही एकेकाळी केवळ धनिकांची चैन मानली जात असे. 2013 मधील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, 2017 मधील मारुती बलेनो आरएस आणि 2021 मधील ह्युंदाई आय-20 एन लाइन या गाड्यांनी ही समजूत मोडीत काढली. जून 2024 मध्ये टाटा मोटर्सने बाजारात आणलेली अल्ट्रोझ रेसर ही याच मालिकेतील. तिची सुरुवातीची शोरूम किंमत 9.49 लाख ते 10.99 लाख रुपये होती.

काळे छत, काळे बॉनेट आणि त्यावरील पांढरे पट्टे पाहताच ही गाडी मनात भरते. पण केवळ रंगरूपावर तिची ओळख अवलंबून नाही. साध्या पेट्रोल अल्ट्रोझचे इंजिन 88 पीएस शक्ती आणि 115 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. रेसरचे आकडे 120 आणि 170 आहेत. दोन्ही इंजिने 1.2 लिटरचीच. फरक घडविला तो टर्बोचार्जरने. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो इंजिनात अधिक हवा कोंबतो आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक काम करून घेतो.

यामागे करव्यवस्थेचाही हात आहे. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना कमी कर लागू झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून याच वर्गाचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. साहजिकच इंजिन मोठे न करता शक्ती वाढविणे हाच उत्पादकांपुढील व्यवहार्य मार्ग ठरला.

ही अधिक शक्ती निरर्थक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दुपदरी महामार्गावर मालमोटारीला ओलांडताना समोरच्या मार्गिकेत जितका कमी वेळ जाईल, तितका धोका कमी. रेसरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या गेल्या, हेही स्वागतार्हच. तथापि वेगमर्यादा सर्वांना सारखीच असते आणि हाती आलेली शक्ती संयमाची जागा घेऊ शकत नाही.

खरा प्रश्न ‘परवडणारी’ या शब्दाचा आहे. शोरूममधील अर्ध्या तासाची फेरी इंजिनाविषयी सांगते, मासिक हप्त्याविषयी नाही. उदाहरणादाखल, 9 टक्के दराने आठ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 12,870 रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे 2.81 लाख होते. हेच कर्ज पाच वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे 16,610 रुपये पडतो, पण व्याज 1.96 लाखांवर येते. म्हणजे लहान दिसणाऱ्या हप्त्यासाठी सुमारे 85 हजार रुपये अधिक मोजावे लागतात. शिवाय नोंदणी, विमा, टायर आणि पाय जोरात दाबला की वाढणारा इंधनखर्च हे सारे वेगळेच.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अशा गाड्यांची स्तुती पुष्कळ होते, खरेदी बेताची. बलेनो आरएस तीन वर्षेही विक्रीत राहिली नाही. 2018 मध्ये आलेली टियागो जेटीपीही अल्पायुषीच ठरली. मॉडेल बंद झाले तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात. म्हणून पुनर्विक्रीची किंमत आणि सुट्या भागांची उपलब्धता यांची चौकशी आधीच केलेली बरी.

तरुण ग्राहकांच्या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. कष्टाच्या कमाईतून मनासारखी गाडी घेणे यात गैर ते काय? मात्र पाच वर्षांचा हप्ता जड वाटत असेल, तर ती गाडी आज तरी परवडणारी नाही, असेच समजावे. मुदत वाढविण्यापेक्षा वर्षभर थांबून आरंभीची रक्कम वाढविणे केव्हाही शहाणपणाचे. गाडीचा वेग रस्त्यावर शोभतो. खरेदीचा निर्णय सावकाशच व्हावा.