एकदा तरी आई होऊ दे म्हणे!

"बिचारीला एकदा तरी आई होऊ दे, मग करू ऑपरेशन." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता समोरच्याने 'बिचारीला' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते. बोलणारी माणसं वाईट नसतात. उलट फार मायाळू असतात. कुत्रीला सोफ्यावर झोपवणारी, तिच्या वाढदिवसाला टोप्या घालून फोटो काढणारी. आणि तरीही मंडळी, आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचा जो काही घोळ चाललाय, त्याचं एक मोठं मूळ याच मायाळू वाक्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आज त्यावरच लिहिणार आहे. काही नातेवाईक रागावतील. रागावू देत.

मुळात हे 'आई होऊ दे' आलं कुठून? ते कुत्रीकडून नाही आलं, आपल्याकडून आलं. डोहाळजेवण, ओटी, बारसं हे सगळं आपण तिच्यावर चढवतो. कुत्रीला मूल नसल्याची खंत वाटत नाही. तिला ना सासू विचारते, ना शेजारीण. ती वर्षातून साधारण दोनदा हीटवर येते, तेवढे दिवस शरीर तिला ओढतं, नंतर ती विसरते. एक वेत झालं की तब्येत सुधारते, पुढचे आजार टळतात, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. वय झालेल्या, ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, त्याला डॉक्टर पायोमेट्रा म्हणतात, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर तो जीव घेतो. एकदा व्याल्याने तो टळत नाही. गर्भाशय काढल्याने टळतो. मोठ्या जातींत सांध्यांची वाढ पूर्ण व्हावी म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबा, असं हल्ली बरेच डॉक्टर सांगतात. ते ऐकावं. पण ते थांबणं हाडांसाठी असतं, बारशासाठी नव्हे.

आता मुद्द्याचं. माझ्या भाच्याकडे कोको नावाची लॅब्रॅडॉर आहे. दोन वर्षांची, गोड, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्याची लाडकी. पुढच्या हीटला तिचं 'मेटिंग' ठरलंय. नर कुणाचा, तर ऑफिसातल्या ओळखीच्यांचा. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही बातमी आली आणि अर्ध्या तासात पाच पिल्लं 'बुक' झाली. नावंसुद्धा ठरली! मी एकच प्रश्न विचारला, "कोकोच्या आणि त्या नराच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का?" त्यावर दोन हसरे चेहरे आणि एक नमस्कार आला. उत्तर आलं नाही.

प्रश्न चेष्टेचा नव्हता. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीजात येतो. आईबाप चालताना ठणठणीत दिसतात, दोष एक्स-रेतच दिसतो, आणि तोही कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावर खात्रीने. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आजारही याच जातीत आढळतो. त्याची चाचणी गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेल्या नमुन्यावर होते, कोकोला टोचायचीसुद्धा गरज नाही. जबाबदार ब्रीडर जोडी लावण्याआधी हे करतो. म्हणूनच तो ब्रीडर. बाकीचे नुसते जोडी लावतात. 'दोघंही दिसायला किती छान आहेत' ही काही तपासणी नव्हे. आणि 'केसीआयचे पेपर आहेत' हीसुद्धा नव्हे. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद सांगतो की आजोबा-पणजोबा कोण होते. त्या आजोबांचे खुबे कसे होते, हे तो सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, मुलगा हुशार आहे की नाही हे नसतं, तसंच हे.

बरं, गर्भारपण साधारण ६३ दिवसांचं. लॅब्रॅडॉरला सहा-आठ पिल्लं सहज होतात, जास्तही होतात. पाच नातेवाइकांनी बुक केली. उरलेल्यांचं काय? एक नराच्या मालकाला जाईल, कारण फी नको असेल तर एक पिल्लू द्यायचं असा रिवाजच आहे. त्याच्याकडे आधीच नर आहे, म्हणजे तो ते विकणार. राहिलेली 'ओळखीत देऊ'. ही ओळख कुठवर पोचते हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं. चार माद्या निघाल्या, तर त्या चार घरांतही दोन वर्षांनी कुणीतरी म्हणणारच आहे, बिचारीला एकदा तरी...

"मावशी, आपण काय दुकान थाटलंय? कायदे त्या धंदेवाल्यांना." इति भाचा. इथेच तर खरी गंमत आहे. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले, १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली. त्यात ब्रीडर म्हणजे मोठा केनेलवालाच, असं कुठेही नाही. विशिष्ट जातीचं कुत्रं ठेवून पैदास करणारी आणि पिल्लं विकणारी एकटीदुकटी व्यक्तीसुद्धा त्यात येते. तिने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाच्या आत असेल तर जोडी लावायची नाही. वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर मुळीच नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप बसवायची, नोंदी ठेवायच्या. म्हणजे पिल्लामागे पैसे घेतले की आपले भाचेबुवासुद्धा ब्रीडर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी!

आठ आठवड्यांची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि सगळ्यांत जास्त मोडली जाते तीच. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण या वयात ओसरत असतं आणि लसीचं अजून तयार झालेलं नसतं. तेवढ्यात पिल्लू प्रवासात, दुकानात, नव्या घरात हिंडलं की पार्व्हो गाठतो. शिवाय चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा कळवळला की कधी सोडायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. तीस दिवसांचं पिल्लू जास्त गोंडस दिसतं म्हणून विकलं जातं. पुढे ते मुलांना चावलं की लोक म्हणतात, जातच वाईट.

नियम आहेत, पण पाळतं कोण? मागच्या महिन्यात मी एक उद्योग केला. (निवृत्त शिक्षकांना असले उद्योग सुचतात.) पिल्लांच्या जाहिरातींतले तीन नंबर फिरवले. प्रश्न दोनच. तुमचा नोंदणी क्रमांक काय, आणि पिल्लाची आई बघायला मिळेल का? पहिल्याने फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "पेपरचे पैसे वेगळे पडतील," म्हणजे त्याला प्रश्नच कळला नाही, किंवा फार चांगला कळला. तिसरा अतिशय नम्र होता. म्हणाला, "मॅडम, आई गावाला आहे." जणू काही बाळंतपणाला माहेरी गेलीय!

गावाला असलेली अशी एक आई मी पाहिलीय. आमच्या भागात एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे एक लॅब्रॅडॉर मादी आली, टेकडीच्या पायथ्याशी कुणीतरी सोडून दिलेली. डॉक्टरांच्या अंदाजाने वय सहा-सात. थानं लोंबून जवळजवळ जमिनीला टेकलेली. मागच्या कोपरांवर केस नव्हते, फरशीवर बसून बसून घट्टे पडलेले. तिला गवतावर नेलं तर ती उभीच राही. पाऊल टाकेना, कारण गवत तिला माहीत नव्हतं. हाक मारली तर मान वर करायची नाही, कारण तिला नावच नव्हतं. ती किती वेळा 'आई झाली' हे मोजायला कुणी नोंदी ठेवल्या नव्हत्या. तिची पिल्लं मात्र कुठल्या तरी सोफ्यांवर झोपत असतील, आणि त्यांच्या वाढदिवसाला टोप्याही असतील.

आता दोन्ही बाजूंच्या भांडणाबद्दल.

पैदासवाले म्हणतात, नियम जाचक आहेत, लायसन्स-राज आहे, यात प्रामाणिक माणूस भरडतो. थोडं खरं आहे. नोंदणीला जाणाऱ्याला कागदपत्रं, तपासणी, खेपा हे सगळं असतं, आणि न जाणाऱ्याला काहीच नसतं. १९६०च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठेवला होता, माहितेय? दहा ते पन्नास रुपये. तो वाढवण्याचा मसुदा २०२२ साली लोकांपुढे ठेवावा लागला, यावरून समजा. पण यावर उपाय नोंदणी सोपी आणि दंड भारी करणं हा आहे, नियम गुंडाळणं नव्हे.

दुसरी बाजू म्हणते, रस्त्यावर इतकी कुत्री असताना पैदास करणंच पाप, बंदच करा. ही मंडळी माझ्या जवळची आहेत, मीसुद्धा कुणी विचारलं तर आधी रस्त्यावरचं किंवा टाकलेलं घ्या असंच सांगते. पण सरसकट बंदी म्हटलं की मला मुधोळ आठवतं. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं हे गाव म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथला तो लांब पायांचा, बारीक कमरेचा शिकारी कुत्रा, ज्याचे भाऊबंद आपल्याकडे कारवान म्हणून ओळखले जातात, तो पिढ्यान् पिढ्या लोकांनी धावण्यासाठी, नजरेसाठी, आपल्या उन्हात टिकण्यासाठी निवडत आणला. २००५ साली टपाल तिकिटावर आला, २०२०मध्ये त्याची देशी जात म्हणून नोंद झाली. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं त्याच्यासाठी केंद्र आहे. पैदास बंद म्हणजे हाही बंद. निवडून, तपासून, थोडीच पिल्लं करणं हे ज्ञान आहे आणि ते टिकायला हवं. माझा राग पैदाशीवर नाही, बेफिकिरीवर आहे.

सरकारला मात्र सोपी वाट आवडते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ 'क्रूर' जातींची यादी काढून त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवायला सांगितलं. पिटबुल, रॉटवायलर वगैरे. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. जातींची यादी करायला एक कागद पुरतो. पिंजऱ्यातल्या मादीची थानं बघायला माणूस पाठवावा लागतो. फरक इतकाच.

इंग्लंडात ६ एप्रिल २०२० पासून एक कायदा आहे, त्याला लोक 'ल्युसीचा कायदा' म्हणतात. ल्युसी ही वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून २०१३मध्ये सोडवलेली एक कॅव्हेलियर कुत्री, आमच्या टेकडीवालीचीच बहीण म्हणायची. त्या कायद्याने मधले दलाल आणि दुकानं काढून टाकली. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू घ्यायचं तर एक तर आश्रयगृहातून, नाहीतर थेट ब्रीडरकडून, आणि ब्रीडरने ते जन्मलं त्या जागी, त्याच्या आईसकट दाखवायचं. आपल्या २०१७च्या नियमांत एवढं एक कलम घातलं, तर 'आई गावाला आहे' म्हणणाऱ्याचं दुकान त्या दिवशी बसेल. कारण आई दिसली की सगळंच दिसतं. तिचं वय, तिची थानं, ती माणसाला घाबरते का, ती श्वास कसा घेते. २००३च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघर आलेले पग आठवा. पगच्या आईला जरा झोपलेली बघा आणि तिचं घोरणं ऐका. गंमत म्हणून ऐकू नका, दम लागलेल्या माणसाचं ऐकतात तसं ऐका. मग ठरवा पिल्लू घ्यायचं का.

हे कलम येईल तेव्हा येईल. तोवर घेणाऱ्याने विचारायला कायद्याची गरज नाही.

आता घरच्यांसाठी. भाचेबुवा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, सूनबाई वाचून दाखवेल. तुझ्याकडे अजून दीड-दोन महिने आहेत. दोघांचे एक्स-रे, डोळ्याची चाचणी, नोंदणी, आणि कुठलंही पिल्लू कुठल्याही वयात परत आलं तर मी ठेवून घेईन असं प्रत्येकाला लिहून देणं. एवढं केलंस तर बाळंतपणाला मी स्वतः येईन, रात्री जागेन, पिल्लांची वजनं लिहीन. हे नको असेल तर डॉक्टरांची वेळ घे, ऑपरेशनचा खर्च माझा.

आणि ज्यांनी पिल्लं बुक केलीत त्या पाचही जणांना मी वेगवेगळा फोन करते आहे. ताईला काल केला. तिला ती टेकडीवाली दाखवायला रविवारी नेतेय. ती आता गवतावर चालते, आणि घर शोधतेय.