धरसोड

माझा भाचा गेल्या मे महिन्यात अमेरिकेहून आला तो बंदूक घेऊन. निदान नसरापुरात आमच्या आळीचा तसा समज झाला. चेलाडी फाट्यावर तो गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्याला एक लांब काळं नळकांडं होतं. घरापर्यंत येईतो मागे आठ-दहा पोरं जमली. ओट्यावर त्याने झाकण उघडलं आणि आतून चार तुकड्यांत मोडलेली गळाची काठी निघाली. "हात्तिच्या, गळ!" म्हणून पोरं पांगली.

काठीची किंमत त्याने मला हळूच सांगितली. मी ती अजून हिला सांगितलेली नाही.

आता गळाचं आम्हाला काय कौतुक? शिवगंगा गावाशेजारून वाहते. बांबूची काठी, दोरी, पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ आणि टोकाला गांडूळ, एवढ्या भांडवलावर आमच्या पिढीने शाळा बुडवली. पण गांडूळ म्हणताच भाच्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्याच ताटात वाढलं.

"मामा, गांडुळाने धरणं म्हणजे स्पोर्ट नव्हे. मी माशीने धरतो."

माशीही खरी नव्हे. कोंबड्याच्या मानेवरचं पीस दोऱ्याने आकड्याला गुंडाळून केलेली. डबीत अशा साठ-सत्तर माश्या, प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा. आमच्याकडे दोन बिऱ्हाडांना मिळून एवढ्या खोल्या नसतात.

मग अलास्काचं पुराण सुरू झालं. तिथल्या रानात म्हणे एक लॉज आहे. रस्ता नाही, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जायचं. छातीपर्यंत रबरी विजार चढवून बर्फासारख्या नदीत दिवसभर उभं राहायचं आणि तीस इंची ट्राउट धरायचा. दोन्ही हातांनी उचलून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

"सोडून?"

"अर्थात! कॅच अँड रिलीज."

मराठीत याला धरसोड म्हणतात. त्या एका दुर्गुणापायी वडिलांनी मला आयुष्यभर बोलणी ऐकवली. तिकडे त्याचे डॉलर मोजावे लागतात.

इथवर मला राग नव्हता. पण तिसऱ्या दिवशी खरा बेत बाहेर आला. भाटघरच्या पाण्याला लागून माझ्या वाट्याचं वीस गुंठे रान आहे. भाच्याला तिथे लॉज काढायचा होता. ट्राउट नाही तर महसीर! त्याच्या कागदावर खोल्या, धक्का आणि भोवती तारेचं कुंपणसुद्धा काढून तयार होतं.

जागा बघायला गेलो. मे महिन्यात भाटघरचं पाणी इतकं मागे हटतं की लॉजच्या धक्क्यावरून पाण्याकडे जायला एसटी सोडावी लागेल. भेगाळलेला गाळ तुडवत काठाशी पोचलो. त्याने दोरी डोक्यावरून झुलवली. पहिल्या फेकीला बाभूळ लागली, दुसरीला माझी टोपी. तासाभराने एक चिलापी लागली. नऊ इंच. मोजली, फोटो काढला, सोडली. शेजारी एकजण जाळं सोडवत बसला होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सोडायचाच हुता तर धरला कशापायी?"

भाच्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून हा लेखप्रपंच.

मासा पोटासाठी धरावा, मला मान्य आहे. मी स्वतः खातो. पण ज्याला खायचं नाही त्याने माशाच्या ओठात आकडा अडकवून त्याला दमेस्तोवर ओढायचं आणि त्याला 'खेळवणं' म्हणायचं? खेळात निदान दोघांना खेळायचं असतं. जुने साहेब तरी प्रामाणिक होते. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने 1946 साली काबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर धरला. घराण्याचा धंदाच मुळी मेलेल्या जनावरांत भुसा भरण्याचा. तिथे भूतदयेचं सोंग नव्हतं.

"सोडल्यामुळेच मासा टिकतो," भाचा म्हणाला. अलास्काच्या गार पाण्यात टिकत असेल. मे महिन्यातल्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी. दमवलेला मासा फोटोपुरता हसतो आणि तुमची पाठ वळल्यावर उलटा होतो.

शिवाय कावेरीचं काय झालं ते ऐका. आपल्या मुळा-मुठेत एक महसीर आहे. 1839 साली कर्नल साइक्सने त्याचं इथलंच नाव उचलून 'खुद्री' म्हणून शास्त्रात नोंदवलं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी 1970 नंतर त्याची पैदास सुरू झाली आणि पिल्लं देशभर गेली. कावेरीतही गेली, तिथल्या गळवाल्यांना मासा कमी पडू नये म्हणून. आता कावेरीचा मूळचा मोठा, पाठीला कुबड असलेला महसीर नामशेष व्हायच्या वाटेवर आहे आणि पाण्यात जिकडेतिकडे आमचा पुणेकर. पुणेकर बाहेरगावी गेला की यजमानाला घर सोडावं लागतं, हे मी सासुरवाडीला पाहिलंच आहे. एवढं मात्र कबूल करतो की मूळचा मासा घटल्याचं कळलं ते या सोडणाऱ्या मंडळींच्याच वह्यांतून. धरला किती, सोडला किती, ते इमानाने लिहीत होते.

"आणि तुमच्या लोकांनी सुरुंग लावून डोह साफ केले ते?" भाच्याने विचारलं. याला मी गप्प बसलो. लावले. माझ्या लहानपणी शिवगंगेत पाहिलेले मासे आज मला बनेश्वराच्या कुंडावर जाऊन आठवावे लागतात.

पण महाडजवळ वाळणकोंडीला जा. वाड्याकडे वैतरणेवर तिळसेश्वराला जा. हातभर लांबीचे महसीर माणसाच्या पायाशी येऊन चुरमुरे खातात. देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. तिथे कुंपण नाही आणि आठवड्याचं भाडंही नाही. लॉज झाला तर पहिली तार लागेल ती त्या जाळं सोडवणाऱ्याला, दुसरी म्हशींना. मासा राखला कुणासाठी? तर वर्षातून आठ दिवस येऊन त्याला दमवणाऱ्यासाठी.

"जमिनीचं दिवाळीत बोलू," असं म्हणून भाचा उठला. दिवाळीचा फराळ मी देईन. गुंठे देणार नाही.

त्या रात्री हिने सुरमई तळली होती. भाच्याने सहा तुकड्या धरल्या. एकही सोडली नाही.