दोन किल्ल्या आणि सत्तर हजार खंड

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात. एकट्याला दार उघडता येत नाही. नोकरीची बरीच वर्षे त्यांतली एक किल्ली माझ्या खिशात होती. त्यामुळे चीनमधल्या निंगबो शहरातल्या फान घराण्याची हकीकत पहिल्यांदा वाचली, तेव्हा ती माणसे मला एकदम ओळखीची वाटली.

फान छिन हा मिंग राजवटीतला वरिष्ठ अधिकारी. जिथे जिथे बदली झाली तिथून तो पुस्तके जमवत गेला. त्या काळच्या श्रीमंत संग्राहकांना वेड होते ते त्याहून कित्येक शतके जुन्या, सुंग काळात छापलेल्या प्रतींचे. पुढच्या शतकात माओ जिन नावाचा एक संग्राहक तर अशा प्रतींना पाने मोजून भाव देत असे! फान छिनने मात्र आपल्याच काळातल्या जिल्ह्यांच्या बखरी, परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांच्या याद्या अशी कोणी न विचारणारी कागदपत्रेही साठवली. आज त्याच्या संग्रहाचे मोल त्यांच्यामुळेच अधिक. निवृत्तीनंतर १५६१च्या सुमारास त्याने दुमजली ग्रंथालय बांधायला घेतले. आगीची भीती म्हणून समोर तळे केले आणि नावही पाण्याशी नाते सांगणारे ठेवले, तियान-यी. संग्रह वाढत वाढत सत्तर हजार खंडांच्या घरात गेला.

१५८५ मध्ये तो वारला. त्याने वाटणीचे दोन ढीग केले होते असे सांगतात, एका बाजूला दहा हजार तोळ्यांच्या हिशेबाची चांदी, दुसऱ्या बाजूला पुस्तके. थोरल्या मुलाने पुस्तके उचलली. पुढे घराण्याच्या शाखांनी किल्ल्या वाटून घेतल्या. सगळ्या शाखांची माणसे हजर असल्याशिवाय कुलूप निघायचे नाही, पुस्तक बाहेर जायचे नाही. परवानगीवाचून कोणाला आत नेले किंवा पुस्तक उसने दिले, तर पूर्वजांच्या पूजेला बंदी. विकले तर घराण्यातून कायमचे बाहेर. दंड रोख रकमेचा नव्हता, हे मला फार शहाणपणाचे वाटते. रोख दंड माणूस भरतो आणि विसरतो.

पण त्याच घरातली एक कथा ऐकली की घास अडकतो. छियान नावाच्या घरातली एक मुलगी केवळ ती पुस्तके पाहायला मिळावीत म्हणून फान घराण्यात सून होऊन आली. बायकांना वर जायची मनाई होती. ती झुरून मेली, पुस्तके तिने पाहिलीच नाहीत. कथेत खरे किती, खोटे किती कोण जाणे. पण ती लोकांनी जपली, यातच लोकांचे मत आले. बाहेरच्या विद्वानाला पहिला प्रवेश मिळाला तो १६७३ साली, ह्वांग झोंगशी या इतिहासकाराला. म्हणजे संग्राहकाच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

पुढे एक असा माणूस आला, की ज्याला कुलूप दाखवता येत नव्हते. १७७२ मध्ये छियानलाँग बादशहाने देशभरातले ग्रंथ मागवले. नकला करून मूळ प्रती परत देऊ, असे वचन होते. फान घराण्याने सहाशेवर ग्रंथ पाठवले. बक्षीस म्हणून दहा हजार प्रकरणांचा छापील ज्ञानकोश आला, इमारतीची मापे घ्यायला अधिकारी आला आणि बादशाही ग्रंथालये त्या नमुन्यावर उभी राहिली. पाठवलेली पुस्तके बहुतेक परत आलीच नाहीत. माझ्या पूर्वीच्या धंद्यात याला दुसरे नाव आहे.

त्या प्रकल्पातून सुमारे साडेतीन हजार ग्रंथांची ‘चार भांडारे’ तयार झाली. प्रत्येक संचात छत्तीस हजार वह्या, असे सात संच, सगळे हाताने लिहिलेले. दाई झेनसारख्या पंडिताने जुन्या ज्ञानकोशात विखुरलेल्या तुकड्यांतून प्राचीन गणिताचा ‘नऊ प्रकरणे’ हा ग्रंथ पुन्हा जुळवला. एवढ्यासाठी तरी या कामाला मान द्यावा लागतो. पण त्याच मोहिमेत आक्षेपार्ह ठरवून सुमारे तीन हजार ग्रंथ नष्ट करण्यात आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वांग शीहोउ नावाच्या कोशकाराने आपल्या शब्दकोशात बादशहांची खासगी नावे छापली, म्हणून १७७७ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. ग्रंथ जमवणारा हात आणि जाळणारा हात एकच होता.

बादशहाने एक गोष्ट मात्र मोठ्या मनाने केली. दक्षिणेतले तीन संच विद्वानांना वाचायला आणि उतरवून घ्यायला खुले ठेवले. त्यांतले दोन ताइपिंग बंडाच्या युद्धात भस्म झाले. तिसरा हांगचौचा. १८६१ मध्ये शहर पडले, इमारत कोसळली, पुस्तके रस्त्यावर आली. शहराबाहेर आसरा घेतलेल्या दिंग शेन आणि दिंग बिंग या भावांच्या हाती बाजारात खाऊची पुडी आली, तर कागद ग्रंथालयातला! आपल्याकडेही भेळेच्या कागदावर काय काय वाचायला मिळते, पण पुडी सोडून तो कागद ओळखणारे किती? या भावांनी माणसे लावून, पैसे मोजून सुमारे नऊ हजार वह्या गोळा केल्या, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले? १८८२ पासून सहासात वर्षे शंभरावर लेखनिक बसवून दिंग बिंगने ते पुन्हा लिहवून घेतले. त्यासाठी ठिकठिकाणचे संग्रह मागितले. त्यांत फान घराण्याचाही होता.

कुलपाने जपलेले आणि उघडेपणाने वाचलेले असे तिथे एकत्र आले. तरीही कोणी विचारलेच तर मी दिंगांच्या बाजूचा. पहारा महिना पगार देऊन ठेवता येतो. रस्त्यावरचे पान ओळखणारा डोळा मात्र कोणीतरी आधी ती पुस्तके वाचू दिल्याशिवाय तयार होत नाही.

आणि फानांचे कुलूप? १९१४ साली, साम्राज्य संपून दोन वर्षे झाल्यावर, एक चोर छपरातून आत उतरला आणि त्याने हजारावर ग्रंथ लांबवले. रोज ग्रंथालयात पाऊल टाकणारे कोणी नसल्याने लवकर पत्ताही लागला नाही. शांघायच्या बाजारात ते विक्रीला आले, तेव्हा चांग युआनजी या प्रकाशकाने जमतील तेवढे विकत घेतले आणि आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात आणले. १९३२च्या जपानी हल्ल्यात ते ग्रंथालय जळाले आणि तियान-यीची सोडवून आणलेली बरीचशी पुस्तके त्यात गेली.

वाचले ते चांगने आधीच निवडून दुसरीकडे हलवलेले पाचशेवर दुर्मीळ ग्रंथ. ते त्याने ठेवले होते शांघायमधल्या एका बँकेच्या तिजोरीत.