मोटारीचे टायर : नक्षी पाहावी कीं वय ?

मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे आपण पाभरीचे फण पाहतों, पंप उघडून पाहतों, घराचे पत्रे ठोकून घेतों. परंतु ज्या जीपगाडींत घरचीं माणसें बसवून तालुक्यास नेतों, तिच्या टायरांकडे पंक्चर होईपर्यंत कोणी वांकून पाहत नाहीं. टायर बदलण्याची गोष्ट निघालीच तर ‘अजून नक्षी शाबूत आहे’ एवढ्या उत्तरावर ती मिटते. शेतकऱ्याच्या गाडीपुरतें तरी हें उत्तर आमच्या मतें अपुरें आहे.

नक्षीचा हिशेब असा. नव्या मोटारटायरच्या खांचा साधारणतः ७-८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ही खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी असतां कामा नये. ती मर्यादा कळावी म्हणून खांचांच्या तळाशीं जागोजाग रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली कीं टायर संपला. पण ही झाली कायद्याची हद्द. खांचांचें काम चाकाखालील पाण्यास वाट देण्याचें आहे. शेतांतला चर गाळानें भरला म्हणजे पाणी जसें तुंबतें, तसें उथळ खांचांखालीं तें तुंबतें. वेगांत असलेली गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागते, आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही हातचीं जातात. सबब कोंकणांत वा घाटमाथ्यावर पावसाळ्यांत गाडी हांकणारानें ३ मिलिमीटर उरतांच टायर बदलावा. दोनच नवे घेणें होत असेल तर ते मागें बसवावे. मागचीं चाकें घसरलीं तर गाडी गरकन फिरते व सांवरत नाहीं.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. भाड्याची मोटार एका वर्षांत जितकें अंतर तोडते, तितकें शेतकऱ्याची गाडी कित्येक वर्षांत तोडीत नाहीं. बाजार, बँक, लग्नकार्य. एरवीं ती गोठ्याशेजारीं उन्हांत उभी. नक्षी झिजत नाहीं म्हणून धनी खूष ! पण ऊन, उष्णता व हवेंतील ओझोन यांनीं रबर उभ्या जागींच कडक होत जातें. त्यांत मिसळलेलें संरक्षक मेण टायर फिरता राहिला तरच नीट पृष्ठभागीं येतें. मग बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसूं लागतात. तालुक्याच्या रस्त्यावर सावकाश निभावलेला असा टायर समृद्धि महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशीं १०० किलोमीटरनें धांवूं लागला म्हणजे दगा देतो, आणि त्या वेळीं गाडींत सगळें घर बसलेलें असतें.

वय ओळखणें सोपें आहे. टायरच्या भिंतीवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सनाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधीं हे आंकडे आंतल्या बाजूस असतात. तेथें गाडीखालीं वांकावें. अनेक मोटार कारखानदार सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. टायरवाले फार तर दहांपर्यंत मुभा देतात. आपल्या मुलखांतील उन्हाळा पाहतां सहाचीच मर्यादा धरावी. स्टेपनीसही तीच लागू आहे.

चार टायरांचे पैसे एकदम काढणें जड जातें, हें खरें. तेव्हां आडत्याची पट्टी हातीं येतांच यंदा दोन, पुढील सालीं दोन, असें करावें. काढलेला टायर वायां जातो असेंही नाहीं. चिरा खोल नसल्यास बैलाच्या चालीनें चालणाऱ्या गाडीस तो अजून कांहीं काळ उपयोगी पडतो, कारण तेथें वेगानें तापण्याची भीति नाहीं. उंसानें भरलेल्या ट्रॉलीस मात्र जुनेपाने टायर चढवून ती हमरस्त्यावर काढूं नये. तेथें शेजारून जाणाऱ्या परक्याचाही जीव पणास लागतो.

नवे घेतांना दुकानदार पुढें करील त्या टायराचेही आंकडे वाचावे. दोन-तीन वर्षें गोदामांत पडलेला माल निघाल्यास दुसरा मागण्यास संकोच करूं नये.